स्लीव्हनंतरचे पहिले सहा आठवडे: दिवस कसा लावायचा

सकाळचा नाष्टा, दुपारचं जेवण, चारचा चहा, रात्रीचं ताट. आपला दिवस यांच्यावर बेतलेला असतो, आणि वजनाचं ऑपरेशन करून घरी आलं की हे सगळं एका झटक्यात जातं. माझी कोल्हापुरात खानावळ आहे, वडिलांपासूनची. म्हणजे माझा दिवस तर दुसऱ्यांच्याही जेवणावर बेतलेला. अशा माणसाला घरी बसवून हातात ३० मिलिलिटरचा पेला दिला तर तो करणार काय? या सहा आठवड्यांत दिवस कसा लावायचा, एवढंच इथं सांगतो.

माझी झाली ती स्लीव्ह. यात जठराचा साधारण पाऊण हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्त, कापून काढतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं नळकांडं, त्यात सुरुवातीला जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं. आमच्याकडची रश्श्याची वाटी त्याहून मोठी आहे. भूक लागल्याचा निरोप देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जास्त करून त्या काढलेल्या भागातच तयार होतं. त्यामुळे पहिले काही आठवडे बहुतेकांना भूक लागतच नाही. तहान लागते, पण घटाघटा पाणी पिता येत नाही. भूक आणि तहान दोन्हींच्या भरवशावर राहिलात तर दिवसाअखेरी पोटात काहीच गेलेलं नसतं आणि चक्कर येते. म्हणून घड्याळ लावून जगायचं. हे खानावळवाल्याला सोपं जातं, बाकीच्यांना जरा जड जातं.

बायपास (हृदयाचा नव्हे, वजनाच्याच ऑपरेशनचा दुसरा प्रकार) झालेल्यांचा दिवसही बराचसा असाच असतो, पण गोळ्या आणि गोड खाण्याच्या बाबतीत त्यांचे नियम जास्त कडक असतात. आणि तुमच्या डॉक्टरांनी दिलेला कागद आणि माझं सांगणं यात फरक पडला तर कागद खरा.

पाण्याचा हिशेब

दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवं. एका वेळी घोटभरच जातं, मग हे जमायचं कसं? दर पंधरा मिनिटांनी ३० मिलिलिटर. तासाला १२० झालं. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत चौदा तास धरले तर १६८० मिलिलिटर होतं. औषधाच्या बाटलीबरोबर खुणांचा जो प्लास्टिकचा छोटा पेला येतो तो घ्या, कारण डोळ्याच्या अंदाजाने घेतलं की माणूस हमखास दुप्पट ओततो. मोबाइलला दर पंधरा मिनिटांनी वाजणारा गजर लावा. घरातले दोन दिवसांत त्याला वैतागतील, वैतागू देत.

किती गेलं ते रात्री कळायचा उपाय सोपा आहे. सकाळी एक लिटरची बाटली आणि अर्ध्या लिटरची बाटली भरून ठेवायची आणि दिवसभर त्यातूनच घ्यायचं. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला की बाटलीत काय उरलंय ते बघायला नको, कमीच गेलंय. स्ट्रॉ नको, त्यातून हवा आत जाते. सोडा आणि कोल्ड्रिंक तर नकोच. फार थंड किंवा फार गरम काहींना सोसत नाही. मला कोमट बरं वाटायचं.

सकाळ

उठताना सरळ उठून बसायचं नाही. कुशीवर वळायचं, कोपराचा आणि हाताचा जोर लावून पाय खाली सोडायचे, मग उठायचं. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरायची. काठावर दोन मिनिटं बसून मग उभं राहायचं, कारण बीपीच्या गोळ्या आधीच्याच मापाने चालू असतील आणि पाणी कमी गेलं असेल तर उभं राहताच डोळ्यांसमोर अंधारी येते. तसं झालं तर गोळीचं माप डॉक्टरांना विचारून कमी करून घ्या, आपल्या मनाने बंद करू नका.

शुगर असणाऱ्यांनी सकाळी उपाशीपोटी ग्लुकोमीटर लावायचाच. या ऑपरेशननंतर शुगर वजन उतरायच्या आधी, पहिल्या काही दिवसांतच खाली यायला लागते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी जुन्याच मापाने घेतली तर ती फार खाली जाऊ शकते. ७० च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून घोट घोट घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं आणि मग फोन करायचा. अशा वेळी ‘गोड बंद आहे’ म्हणून बसून राहू नका.

शुगर बघून झाली की नाडी आणि ताप. कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर प्रत्येक घरात कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, तो काढा. त्यावर नाडीचा आकडाही दिसतो. वहीत तारीख, शुगर, नाडी, ताप, किती पाणी गेलं एवढं लिहायचं. आमच्या पोरीनं फ्रिजवर कागद लावला होता, उधारीच्या वहीसारख्या रकान्यांचा.

हॉस्पिटलातून तीन चेंडूंचं फुंकायचं खेळणं देतात. खेळणं म्हटलं तरी ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढून चेंडू वर न्यायचे असतात. जागेपणी तासाला दहा वेळा. भूल देऊन झोपवलेल्या माणसाच्या फुप्फुसाच्या खालच्या भागात हवा नीट भरत नाही, त्यासाठी ते असतं.

अंघोळ करायला हरकत नसते, डॉक्टरांनी हो म्हटलं की. टाक्यांवर पाणी ओतत बसायचं नाही, अंगावरून वाहू द्यायचं आणि टॉवेलने टिपून कोरडं करायचं. हळद, पावडर, खोबरेल, आजीचा कुठलाही लेप टाक्यांवर नको. विहिरीत, तलावात पोहणंही जखमा पूर्ण भरेपर्यंत बंद.

पोटात काय घालायचं

अळणीची गोष्ट आधी सांगतो. कोल्हापुरात मटण शिजवताना तिखट-मसाला पडायच्या आधीचं जे पाणी असतं त्याला आम्ही अळणी म्हणतो. बाळंतिणीला, आजाऱ्याला तेच देतात. तेच या ऑपरेशनच्या पहिल्या दिवसांत चालतं, फक्त तीन गोष्टी करून. अळणी फ्रिजमध्ये ठेवायची, वर जमलेली चरबी चमच्याने काढून टाकायची, मग कोमट करून बारीक फडक्यातून गाळायची. मीठ बेतानं. मटण वर्ज्य असेल त्यांनी वरणाची वरची निवळ, गाळलेलं टोमॅटोचं सार, पातळ ताकाची निवळ, शहाळ्याचं पाणी घ्यावं.

मात्र एक लक्षात घ्या. वरणाच्या पाण्यात आणि अळणीत ताकद असते ही आपली समजूत. पाणी आणि मीठ त्यातून मिळतं, चवही मिळते, पण प्रथिनं नावाला. आई मला रोज वरणाचं पाणी पाजून म्हणायची, ‘एवढ्यावर गडी जगतोय व्हय?’ नाही जगत, तिचं बरोबरच होतं. म्हणून निवळ द्रवाचे एक-दोन दिवस संपले की दाट द्रवावर जायचं: ताक, साय काढलेलं दूध, गाळलेलं मुगाचं कढण, नाचणीची पातळ आंबील आणि प्रोटीन पावडर. हे साधारण दोन आठवडे चालतं.

दुधाबद्दल कोल्हापूरकरांसाठी खास. गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची आपली सवय. ते आता नाही. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो आणि न उकळलेलं दूध टाके ओले असताना घेण्यात शहाणपण नाही. दूध उकळा, गार करा, साय काढा, परत तापवून परत साय काढा. त्या दुधाच्या पेलाभर मापात दोन चमचे (जेवणाचे चमचे) स्किम मिल्क पावडर घातली की प्रथिनं वाढतात. काहींना ऑपरेशननंतर दूध सोसत नाही, पोट गुरगुरतं, हगवण लागते. त्यांनी दही-ताकाकडे वळावं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेलं अन्न. मूगडाळीचं मऊ वरण रवीने घोटून, दही, पनीर थोड्या दुधात मिक्सरमधून काढून, कोंबडीचं मऊ शिजवलेलं मांस तिच्याच पाण्यात वाटून. चमचा उलटा केला तर पडेल, पण वाहणार नाही, एवढं दाट. गुठळी नको. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ अन्न: मऊ उकडलेलं अंडं, पनीरची ओलसर भुर्जी, काटे काढलेला मऊ मासा, शिजवून मऊ केलेला दुधी, दोडका, भोपळा. मासा कोंबडीच्या आधी सोसतो. कोंबडी गरम केली की कोरडी होते आणि अडकते, म्हणून तिच्यासोबत थोडा रस हवाच.

भाकरी, चपाती, भात यांची पाळी सगळ्यात शेवटी. पाव तर त्याच्याही नंतर. ताजा पाव तोंडात पिठाचा गोळा होतो आणि तसाच खाली जाऊन बसतो. म्हणजे मिसळ लांबच राहिली, आणि कटाच्या तेलाचं काय होईल त्याची तर कल्पनाही करू नका.

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. पावडरीचा एक स्कूप साधारण २४ ग्रॅम (डब्यावर बघा, कंपनीप्रमाणे बदलतं), पावडर घातलेलं दूध २०० मिलिलिटर १२, पनीर ५० ग्रॅम ९, एक अंडं ६, दही शंभर ग्रॅम ४, घट्ट वरण अर्धी वाटी ५. झाले ६०. चौथ्या आठवड्याच्या पुढे हा हिशेब जमतो. त्याआधी पावडरीवरच भिस्त. पावडर एकदम न घेता सकाळी अर्धी, दुपारी अर्धी करून पातळ ताकात किंवा दुधात घालायची. गोड वासाची पावडर मला नकोशी व्हायची, तेव्हा बिनवासाची आणून ती आम्ही कढणात घातली, वर जिऱ्याची पूड. पावडर उकळत्या कढणात टाकली की फुटते. कढण खाली उतरवून कोमट झालं की मग घालायची.

खायचं कसं

लहान मुलाची वाटी आणि चहाचा चमचा. एका वेळेला दोन-तीन मोठे चमचेभर अन्न, वेळ वीस ते तीस मिनिटं. प्रत्येक घासानंतर चमचा खाली ठेवायचा. मऊ अन्न आलं की घास पंचवीस-तीस वेळा चावायचा. टीव्ही बंद, कारण बातम्या बघता बघता हात आपोआप चालतो. पहिले काही आठवडे जमिनीवर मांडी घालून जेवायला बसू नका, पोटावर दाब येतो, खुर्ची बरी.

जेवणाबरोबर पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास नाही. पंधरा मिनिटांचा गजर त्या वेळात बंद करायचा आणि नंतर चालू करायचा. दिवसाचं माप भरायचं तर बाकीच्या वेळात कामचुकारपणा चालत नाही.

पोट भरल्याची जुनी खूण, ती ढेकर देऊन मागं टेकायची, ती आता येत नाही. नवीन खुणा वेगळ्या आहेत: छातीच्या मधल्या हाडाखाली दाब, एकदम उचकी, शिंक, किंवा नाक गळायला लागणं. नाक गळायला लागलं की थांबा. वाटीत एक चमचा उरला असेल तर तो उरू द्या. ‘ताटात टाकू नये’ हा संस्कार मी माझ्या गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो, तो या वाटीला लागू नाही. एक घास जास्त झाला की तोंडात फेस यायला लागतो आणि तो बाहेर पडेपर्यंत तासभर जीव नकोसा होतो.

गोळ्या

एका डब्यात नाही, दोन डब्यांत ठेवा. कॅल्शियम आणि लोह यांची भेट होऊ द्यायची नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं, कारण एक दुसऱ्याला शोषू देत नाही. कॅल्शियम एका वेळी पाचशे-सहाशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतलं तर ते वाया जातं, म्हणून दिवसभराचं १२०० ते १५०० मिलिग्रॅम विभागून घ्यायचं, आणि सायट्रेट प्रकारचं असेल तर बरं. चहाबरोबर लोह नाही. आमचं जमलं ते असं: सकाळी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, नऊला लोहाची गोळी, बाराला कॅल्शियम, चारला मल्टिव्हिटॅमिन, रात्री परत कॅल्शियम. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर सांगतील तसं.

सुरुवातीला मोठ्या गोळ्या घशाखाली उतरत नाहीत. कुटायच्या आधी औषधवाल्याला विचारा. एसआर, एक्सआर असं लिहिलेल्या गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, कुटल्या तर सगळं औषध एकदम अंगात जातं. त्यांच्याऐवजी साधी किंवा पातळ औषधं मिळतात.

डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, व्होवेरान आणायचं नाही. या वेदनाशामकांनी जठराला व्रण पडू शकतो. बायपासवाल्यांना तर त्याची भीती फारच. पॅरासिटामॉल चालतं. घरातल्या सगळ्यांना हे माहीत असू द्या, कारण गोळी आणून देणारे हात त्यांचे असतात.

चालणं

पहिल्या दिवसापासून, पण थोडं थोडं. तासा-दोन तासांनी घरातल्या घरात पाच मिनिटं. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हे महत्त्वाचं, आणि काहींना त्यासाठी पोटावर घ्यायची इंजेक्शनंही घरी देतात. ती चुकवू नका. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो, तोही चालल्याने कमी होतो आणि काही दिवसांत जातो.

दुसऱ्या आठवड्यापासून बाहेर. रंकाळ्याला फेरी मारायची असेल तर पूर्ण फेरीचा हट्ट नको. बाकं जवळजवळ आहेत असा तुकडा निवडा, पंधरा मिनिटं जा आणि परत या. चौपाटीच्या अंगाला जाऊ नका, भेळेच्या गाड्यांचा वास फार लांबून येतो. जोतिबाच्या पायऱ्या दोन महिन्यांनी.

चार-पाच किलोंपेक्षा जड काही सहा आठवडे उचलायचं नाही. मला हे सगळ्यात अवघड गेलं. खानावळीत पिठाचं पोतं, रश्श्याचं पातेलं, १९ किलोचं सिलिंडर (आणि त्याचं लोखंड वेगळंच) हात लावल्याशिवाय दिवस जात नाही. म्हणून पहिले तीन आठवडे मी तिकडे फिरकलोच नाही. चौथ्या आठवड्यात गल्ल्यावर बसायला लागलो, आत नाही. भट्टीसमोर उभं राहिलं की घाम येतो आणि जेवढं पाणी घोटाघोटानं आत घातलंय तेवढं निघून जातं. चवीचं काम आचाऱ्याकडे सोपवलं. रश्श्याचं मीठ बघायचंच झालं तर जिभेच्या शेंड्यावर थेंब, आणि मग चूळ.

बघायला येणारी माणसं

येणारच. हातात शहाळं, सफरचंदं आणि बिस्किटाचा पुडा घेऊन. त्यांना चहा द्या, पण ‘एवढंसं खाऊन कसं व्हायचं, जरा शिरा घे’ हे दुसऱ्यांदा म्हणालं की घरातल्या एका खमक्या माणसाने बोलायचं. आमच्याकडे ते काम बायकोनं केलं. ‘अहो, तुम्ही आत जाऊन पडा’ असं ती मला म्हणायची आणि पाहुण्यांना फ्रिजवरचा कागद दाखवायची. गोड घास घेऊन काय होतं ते सांगायला लागू नये: पोट मुरडतं, धडधडतं, घाम फुटतो, विशेषतः बायपासमध्ये.

शौचाला पहिल्या दिवसांत दोन-तीन दिवसांनी झालं तरी घाबरू नका, पोटात गेलंच नाही तर येणार कुठून. इसबगोल मात्र आपल्या मनाने घेऊ नका, त्याला भरपूर पाणी लागतं आणि तेवढं आत जात नाही. डॉक्टर पातळ औषध लिहून देतात.

वजन रोज करू नका. आठवड्यातून एकदा, तोच वार, तेच कपडे. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काटा बहुतेकांचा अडकतो, आणि लोक ऑपरेशन फसलं म्हणून रडकुंडीला येतात. आठवड्या-दोन आठवड्यांत तो परत हलतो.

डॉक्टरांना लगेच कधी गाठायचं

नाडी विश्रांतीतही १२० च्या वर राहिली, १०१ फॅरनहाइटच्या वर ताप आला, पोटात वाढत जाणारं दुखणं, धाप लागणं, छातीत दुखणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, काळी शी, किंवा पाण्याचा घोटही न टिकणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. खांदेदुखीचं नीट समजून घ्या: चालून कमी होणारी, दिवसागणिक उतरत जाणारी ती वायूची. डावा खांदा दुखतोय, बरोबर नाडी धावतेय आणि जीव घाबरतोय, तर ते आतल्या, जठराच्या टाक्यांतून गळती होत असल्याचं लक्षण असू शकतं. रात्री दोनला फोन केला म्हणून कुठला डॉक्टर रागावला तर रागावू दे.

बरेच दिवस उलट्या चालू राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व इतकं कमी होतं की मेंदू आणि नसांवर परिणाम होतो. चालताना झोक जायला लागला, एकाचे दोन दिसायला लागले तर हीच शंका घेऊन पळायचं, आणि उलट्यांचा इतिहास स्वतःहून सांगायचा. गावातल्या डॉक्टरकडे जात असाल तर ऑपरेशन कोणतं झालंय ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. नाहीतर पहिलं सलाइन ग्लुकोजचं लागतं, आणि अशा माणसाला बी-१ आधी द्यावं लागतं.

पुढचं थोडक्यात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, मूठभर गळतात, आणि परत येतात. तेलं बदलत बसू नका, प्रथिनं मोजा. बायकांनी वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत, आणि बायपास झाला असेल तर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नये, दुसरा उपाय विचारून घ्यावा. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, तिचं नाव सध्या काढू नका. तिसऱ्या महिन्यात रक्ताची तपासणी असते. चिठ्ठीवर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, ड आणि कॅल्शियम आहे का बघा, आणि नसेल तर तिथंच विचारून लिहून घ्या.